दूर उभी राहिलेली बहीण

(वाचन : निर्गम, अध्याय २ रा, वचनें १ ते १०)



मोशेच्या बाळपणाची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. फारोचा क्रूर हुकूम, तीन महिने लपवून ठेविलेलें बाळ, लव्हाळ्यांची पेटी, तिला लाविलेलें डांबर, आणि नदीवर स्नानास आलेली राजकन्या, हीं सारीं चित्रें आपल्या डोळ्यांपुढें आहेत. परंतु ह्या गोष्टींत एक व्यक्ति अशी आहे कीं, तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ती म्हणजे त्या बाळाची बहीण. आईनें पेटी लव्हाळ्यांत ठेविली. आणि बाळाचें पुढें काय होतें हें पाहण्यासाठीं ही मुलगी कांहीं अंतरावर उभी राहिली. त्या अध्यायांत तिचें नांवहि दिलेलें नाहीं. तिच्या हातीं सत्ता नव्हती, पैसा नव्हता. तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या : पाहत राहण्याचा धीर, आणि योग्य वेळीं पुढें होऊन बोलण्याचें धैर्य. तेवढ्यावर देवानें तें बाळ पुन्हां आईच्या मांडीवर आणून ठेविलें.

आज मला ह्या बहिणीविषयीं बोलावयाचें आहे. कारण गेल्या पावसाळ्यांत आपल्याच मावळांत मीं तिला पाहिलें.

आपल्या गांवीं एखादें बाळ दिवस भरण्यापूर्वीं जन्मलें, किंवा जन्मतांच रडलें नाहीं, किंवा वजनास फार हलकें भरलें, म्हणजे त्यास मोठ्या दवाखान्यांत नेतात, आणि लोक एकमेकांस सांगतात, "बाळाला पेटींत ठेविलें आहे." हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. आजची पेटी कांचेची असते, आणि डांबराऐवजीं तिला विजेची ऊब असते. पण काम तेंच कीं, बाळ बुडूं नये. कांहीं आठवड्यांनीं बाळ दूध ओढूं लागतें, वजन वाढूं लागतें, आणि डॉक्टर त्यास घरीं सोडतात. आईबाप पेढे वाटतात. मंडळी उपकारस्तुति करिते. येथेंच आपली मोठी चूक होते. आपण समजतों कीं, गोष्ट संपली. बंधूंनो, पेटी पाण्यांतून बाहेर आली म्हणजे गोष्ट संपत नाहीं. ती तेथें सुरू होते.

कारण जें बाळ लवकर जन्मलें त्याचें शरीर घरीं आल्यावरहि घडावयाचें राहिलेलें असतें. डोळ्याच्या मागील पडद्यावर ज्या बारीक रक्तवाहिन्या पसरतात, त्या आईच्या पोटांतच पुऱ्या व्हावयाच्या होत्या. कांहीं बाळांमध्यें त्या बाहेर आल्यावर वेड्यावांकड्या वाढतात, पडद्यास ओढतात, आणि बाळ कायमचें आंधळें होऊं शकतें. बाहेरून डोळा अगदीं स्वच्छ दिसतो. म्हणून २,००० ग्रॅमांपेक्षां कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आंत, आणि फारच लहान बाळाचे त्याहूनहि आधीं, तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे असा आपल्या देशांतील डॉक्टरांचा दंडक आहे. दोष वेळेवर दिसला तर लेसर किरणांनीं दृष्टि बहुधा वांचवितां येते. वेळ निघून गेल्यावर ती परत देणें कठीण. कानांचेंहि तसेंच : पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ व्हावा. हातपाय ताठ आहेत कीं ढिले, डोक्याचा घेर वाढतो कीं नाहीं, हें महिन्यामागून महिना पाहावें लागतें. वय मोजतांना बाळ जितकें आधीं आलें तितके दिवस वजा करावे लागतात. दोन महिने आधीं आलेलें बाळ पांच महिन्यांचें झालें, तरी त्यानें तीन महिन्यांच्या बाळाइतकें केलें म्हणजे पुरे.

आमच्या मंडळींतील एक मुलगी पुण्यास परिचारिकेचें शिक्षण घेत आहे. तिचें नांव मी लिहीत नाहीं. तिला तें आवडणार नाहीं. आठवड्याच्या सुटीचा दिवस ती तेथील एका दवाखान्यांत अशा जोखमीच्या बाळांच्या फेरतपासणीच्या कामास विनावेतन देते. वजन करणें, टेप धरणें, रडणाऱ्या बाळास शांत करणें, आणि वहींत नोंद करणें, एवढेंच तिचें काम. मीं तिला विचारलें, "ह्यांत तुला कठीण काय वाटतें?" ती म्हणाली, "पाळकसाहेब, जीं बाळें येतात त्यांची मला भीति वाटत नाहीं. जीं येत नाहींत, त्यांच्या नांवापुढें वहींत मोकळी जागा राहते, तिची वाटते."

आतां जें सांगतों त्यांत माझीहि कबुली आहे. पवन मावळांतील आमच्या एका कुटुंबांत ३१ आठवड्यांचें बाळ जन्मलें. वजन तेराशें ग्रॅमांच्या आसपास. तें पेटींतून घरीं आलें तेव्हां मी गेलों, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला. भिंतीवरील घड्याळाच्या मागें दवाखान्याचें कार्ड खोचलेलें होतें. तें मला दिसलें; मीं तें वाचलें नाहीं. त्यावर डोळे तपासण्याची तारीख होती. ती तारीख नेमकी आवणीच्या दिवसांत आली. पाऊस धरलेला, चिखलणी झालेली, रोप उपटून ठेविलेलें. अशा वेळीं पुण्यास कोण जातो? तारीख गेली. कोणास तिची आठवणहि राहिली नाहीं.

वहींतील ती मोकळी जागा ह्या मुलीनें पाहिली. फोन लागेना. तिनें आपल्या वरिष्ठ सिस्टरांस सांगितलें, त्यांची परवानगी घेतली, आणि त्याच आठवड्यांत लोणावळ्याच्या लोकलनें कामशेतला उतरून, पवनानगरच्या रस्त्यानें, गांवच्या आशाताईंस बरोबर घेऊन ती त्या घरीं पोंचली. आजी म्हणाली, "डोळे तर चांगले टपोरे आहेत. दिव्याकडे बघतंय पोर. तपासायचं काय त्यात?" मुलीनें वाद घातला नाहीं, भेडसाविलेंहि नाहीं. तिनें चुलीपाशीं आपले हात शेकून ऊन केले, बाळाला मांडीवर घेतलें, आणि म्हणाली, "आजी, ते दिव्याकडे बघतंय म्हणूनच मी आले. ते असंच बघत राहावं म्हणून." मग तिनें विचारलें कीं, उद्यां शेतांत किती माणसें कमी पडतील. शेजारच्या दोघी बाया त्या दिवसापुरत्या त्यांच्या आवणीस उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीं आई बाळास घेऊन गेली. डोळ्यांत दोष निघाला, आणि लागलीच लेसरचा उपचार झाला. तें मूल आज पाहतें. मीं त्या घरीं प्रार्थना केली होती. पण तारीख विचारली नव्हती. तिनें तारीख विचारली, आणि माझी प्रार्थना तिच्या पायांनीं पुढें चालली.

मावळचा शेतकरी तर ही गोष्ट माझ्याहून चांगली जाणतो. राबांतलें रोप उपटून खाचरांत लाविलें म्हणजे काम संपलें असें कोणी म्हणत नाहीं. लाविलेलें रोप प्रथम मलूल होतें, पिवळें पडतें. धनी रोज बांधावर जाऊन पाहतो कीं, पाणी फार तुंबलें काय, बांध फुटला काय, मूळ धरलें काय. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें बाळ हें वेळेआधीं उपटलेलें रोप आहे. भातासाठीं आपण रोज बांधावर जातों. लेंकरासाठीं महिन्यांतून एकदां जावयास आपल्यास सवड नसावी काय?

आपल्या इंद्रायणी भाताचा वाण १९८७ सालीं वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून बाहेर आला. त्याच सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. सुधा चौधरी व त्यांचे सहकारी ह्यांनीं दुसरी एक राखण आरंभिली. २,००० ग्रॅमांपेक्षां कमी वजनाचीं जीं बाळें तेथून घरीं गेलीं, त्यांस त्यांनीं पुन्हां पुन्हां बोलावून तपासलें, आणि हें काम मुलें १८ वर्षांचीं होईपर्यंत चालविलें. त्यांना काय दिसलें? त्या मुलांची सरासरी बुद्धि सामान्य मर्यादेंत होती. परंतु पुऱ्या वजनानें जन्मलेल्या सोबत्यांहून कमी भरली, आणि शाळेंत वाचनाच्या व गणिताच्या अडचणी त्यांच्यांत अधिक आढळल्या. म्हणजे ह्या मुलांविषयीं निराश होण्याचें कारण नाहीं, आणि निष्काळजी होण्याचेंहि नाहीं. जो मुलगा पाढे विसरतो त्याला मारण्यापूर्वीं, तो कसा जन्मला हें गुरुजींनीं एकदां विचारावें.

सर्वांच्याच गोष्टीचा शेवट गोड होतो असें मात्र मी सांगत नाहीं. त्याच दवाखान्यांत लोणावळ्याकडील एक आई येते. तिच्या मुलाचे पाय ताठ आहेत. व्यायाम चालू आहे. तो उशिरां चालेल, कदाचित् आधारानें चालेल. तिनें आमच्या मुलीस विचारलें, "हे माझ्या कुठल्या पापाचं फळ?" योहानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांध मनुष्याविषयीं हाच प्रश्न प्रभूस केला होता. प्रभूनें दोष त्या मनुष्यावर ठेविला नाहीं, त्याच्या आईबापांवरहि ठेविला नाहीं. तो देवाचें काम करावयास लागला. मंडळींतील ज्या जिभा अशा आईकडे पाहून कुजबुजतात, त्यांनीं हा अध्याय वाचावा. लाजेनें कितीएक आया तारीख चुकवितात. ती लाज आपणच त्यांच्या पदरीं बांधतों.

कोणी म्हणेल, "आम्हीं बाळ देवाच्या हातीं सोंपविलें आहे, मग सारख्या खेपा कशाला?" मोशेच्या आईनेंहि बाळ देवाच्या हातीं सोंपविलें होतें. तरी तिनें पेटीस डांबर लाविलें, फटी बुजविल्या, आणि मुलगी दूर उभी राहिली. तें डांबर अविश्वासाचें होतें काय? नाहीं, विश्वासाचे हात असेच कामास लागतात. शोमरोनी मनुष्याची आठवण करा. त्यानें जखमा बांधल्या, पांथस्थास उतारशाळेंत नेलें, आणि जातांना परत येण्याचें वचन दिलें. परत येणें हाहि प्रीतीचाच भाग आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, मंडळीच्या वहींत जन्म व बाप्तिस्मा लिहितां, त्याच्या शेजारीं आणखी एक रकाना आंखा : पुढची तारीख. घरभेटींत प्रार्थनेपूर्वीं दवाखान्याचें कार्ड मागून वाचा. गांवच्या आशाताईंस परक्या समजूं नका. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं खेड्यांतील बायांस शिकवून घरोघरीं नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ सालीं तिचें फळ जगापुढें मांडिलें. २०११ पासून देशभर आशाताईंना तेंच काम दिलें आहे. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळासाठीं त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येतात. त्यांना बसावयास द्या, खरें सांगा. बाळ दूध ओढीत नसेल, अंगानें गार लागत असेल, श्वास जोरानें चालत असेल, तर तारखेची वाट न पाहतां त्याच घटकेस दवाखाना गांठा. आणि आवणीच्या दिवशीं एखाद्या आईची तारीख आली, तर तिच्या खाचरांत उभें राहणें ही मंडळीची सेवा समजा.

तरुण मुलींनो, तुमच्यापैकीं कोणी म्हणेल, "मी अजून शिकतें, माझ्या हातून काय होणार?" त्या नदीकांठच्या मुलीनें बाळाला दूध पाजिलें नाहीं, दूध पाजणारीला तिनें बोलावून आणिलें. तेवढें तुमच्यानें होईल.

हे प्रभो, पेटींतून बाहेर आलेल्या प्रत्येक लेंकराच्या वाटेवर एक बहीण उभी कर. आणि ती आम्हांमध्यें नसेल, तर आम्हांस ती होऊं दे. आमेन.