पाडव्याच्या रात्रीचा उजेड

माळकऱ्याने खोटे बोलू नये, हा आपल्या संप्रदायाचा साधा नियम. माळ गळ्यात पडते त्या दिवशी आपण तो कबूल करतो. पण एखादी गोष्ट आपल्याला माहीतच नाही, आणि तरी ती आपण ठासून सांगितली, तर ते खोटे बोलणे झाले का? मनात कपट नव्हते, कोणाला फसवायचे नव्हते. मग दोष कुठे? वाचक माऊली, हा प्रश्न मला ग्रंथातून पडलेला नाही. तो २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आभाळातून आला, असे म्हटले तरी चालेल.

त्या दिवशी गुढीपाडवा होता. वडशात आमच्या वार्डातल्या विठ्ठल मंदिरात रामनवमीपर्यंत चालणाऱ्या उत्सवाचा पहिला दिवस. हरिपाठ आटोपला होता, कीर्तनाला माणसे जमत होती. पावणेआठच्या सुमारास बाहेर पोरांचा गलका झाला म्हणून आम्ही सगळेच उठून अंगणात आलो. पश्चिमेकडच्या आभाळात तांबूस जाळाचे ठिपके एकामागे एक, शेपट्या सोडत सरकत होते. तारा तुटतो तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दिसेनासा होतो. हे सावकाश चालले होते, रात्रीच्या वेळी मशाली घेऊन दिंडी चालावी तसे. कोणी म्हणे विमान पेटले, कोणी म्हणे मिसाईल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. महाराज म्हटला की त्याला सगळे ठाऊक असणार अशी लोकांची समजूत असते, आणि खरे सांगायचे तर ती मोडावी असे महाराजांनाही फारसे वाटत नाही.

मी गादीवर बसलो आणि बोललो. वर्षाच्या पहिल्याच दिवशी आकाशातून अग्नी उतरला, हा संकेत आहे. संवत्सराचे नाव शुभकृत असले तरी यंदा नवे काम हाती घेताना दहादा विचार करा. सभा चिडीचूप झाली. शब्द बरोबर लागला, असे वाटून मला बरेही वाटले.

दुसऱ्या दिवशी कळू लागले. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड आणि पुढे सिंदेवाही, ही बल्लारशाच्या गाडीने जाणाऱ्या आपल्या लोकांना पाठ असलेली स्टेशने. त्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक प्रचंड कडी मोकळ्या जागेवर येऊन पडली होती. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. गावात जेवणावळीची तयारी चालू होती. कोणाला ओरखडाही आला नाही. पुढे पवनपार आणि आणखी काही शिवारांत अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचे पोकळ गोळे सापडले. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू साठवायला अशा टाक्या असतात. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

आता इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जाणकारांपैकी काहींचा पहिला अंदाज चुकला होता. त्याच संध्याकाळी, साधारण दीड तास आधी, न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचे रॉकेट सुटले होते, तेव्हा त्याचाच हा भाग असावा असे ते म्हणाले. पण अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितले की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते रॉकेट उडाले होते. उपग्रह सोडून दिल्यावर रिकामा झालेला तो टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहिला, विरळ हवेला घासून त्याची कक्षा खाली खाली येत गेली, आणि चौदा महिन्यांनी तो आपल्या विदर्भावर फुटला. सावकाश दिसण्याचे कारणही त्यातच आहे. उल्का सेकंदाला ११ पासून ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने येते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठेक किलोमीटरने आडवी आडवी उतरते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. म्हणून ती रांग.

म्हणजे तेही चुकले आणि मीही चुकलो. मग दोघांत फरक काय? पुष्कळ दिवस मी स्वतःला हेच समजावत होतो, की शास्त्रज्ञसुद्धा चुकतात. पण फरक होता. त्यांनी ‘असावे’ म्हटले होते आणि का असावे तेही सांगितले होते. वेळ दिली होती, मार्ग दिला होता, त्यामुळे दुसऱ्याला तो अंदाज तपासता आला आणि चूक सापडली. माझ्या संकेताला कोणी कुठून धरणार? जे बोलणे खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही, ते मी गादीच्या जोरावर लोकांच्या पदरात घातले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ३ तारखेला लाडबोरीची बातमी मी वाचली. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघा-तिघांशी हसत बोललोही. गादीवरून मात्र अवाक्षर काढले नाही. रामनवमीचा काला झाला, उत्सव संपला.

जुलैमध्ये गडचिरोली जिल्ह्यात पावसाने कहर केला. त्या दिवसांत आमच्या भजनातल्या एका मावशीच्या मातीच्या घराची भिंत बसली. माणसे वाचली, धान, भांडी, कपडे चिखलात गेले. मी गेलो तेव्हा ती ताडपत्रीखाली चूल पेटवत होती. घरकुलाचा पहिला हप्ता तिच्याकडे मार्चमध्येच आला होता. मी विचारले, मावशी, अक्षय तृतीयेला पाया खणणार होतीस ना? ती सहज म्हणाली, “तुमीच तं सांगतलं होतं ना महाराज, औंदा नवं काम काढू नोका म्हून. म्हून थांबली मी.” आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

कोणी म्हणेल, मग भक्ताने आकाशाकडे पाहून काही बोलूच नये का? तसे नाही. लाडबोरीच्या माणसाने म्हटले की पांडुरंगाने वाचवले, तर मी त्याच्यापुढे हात जोडीन. ती कृतज्ञता आहे. ती त्याच्या अंतःकरणाबद्दल बोलते, दुसऱ्या कोणाला तिची किंमत मोजावी लागत नाही. संकेत मात्र दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलतो, आणि पैसे तोच दुसरा भरतो. ‘हरीची इच्छा’ हे शब्द दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून फसगत होते.

आमच्यातले काही वडीलधारे म्हणतात, नामाला सोडून या बातम्यांच्या मागे कशाला लागता, उपग्रह कुठे गेला त्याने मोक्ष मिळतो का? मिळत नाही, खरे आहे. पण बातमी न वाचणे म्हणजे वैराग्य, हे मला पटत नाही. वाचणे सुटते, बोलणे काही सुटत नाही. पुराच्या दिवसांत ‘धरण फुटले’ असे मोबाइलवर पुढे ढकलणारे हात कितीतरी वेळा माळकऱ्यांचेच असतात. वैनगंगेकाठी राहणाऱ्या माणसाने गोसीखुर्दमधून किती पाणी सोडले हे अधिकृत ठिकाणी पाहावे, मगच बोलावे. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायकांना वीज कधी गाठेल सांगता येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे, ते आपल्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देते. ते एकाच्या मोबाइलवर असले आणि त्याने हाक मारली तर पाच जणी शिवारातून बाहेर येतात. ही हाक मारणे मला नामस्मरणाच्या आड येणारे वाटत नाही.

त्या वर्षी कार्तिकात, काकड्याच्या समाप्तीला, मी गादीवरून पाडव्याची सगळी हकीकत सांगितली. कडी, गोळे, चीनचे रॉकेट, आणि माझे बोलणे. माझ्यामुळे एकीचे घर थांबले हेही सांगितले, नाव न घेता. दोन-तीन माणसे मध्येच उठून गेली. एकाने नंतर म्हटले, महाराज, एवढे उघडे पडायची काय गरज होती? मी त्याला उत्तर दिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी दारात आली. पाया खणायला दिवस कोणता घेऊ, असे विचारत होती. मी म्हणालो, हे मला कळत नाही. गवंडी कधी मोकळा आहे ते विचार, आणि चार दिवसांत पाऊस नाही ना एवढे आपण दोघे मिळून बघू. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग पदराने घाम पुसला, आणि आम्ही ओसरीवर बसून मोबाइल उघडला.