एकच स्वर

वचन : करिंथकरांस दुसरे पत्र १०:१२

राहुरीच्या आसपास मंडळी भजनास बसते तेव्हा पेटीवाला प्रथम एक स्वर धरून ठेवितो. वीणेची तार त्या स्वराशी मिळवितात व मृदंगाची पुडी ठोकून त्याच स्वरास आणितात. पावसाळी हवेत पुडी सैल पडते. म्हणून काल मिळविलेले वाद्य आज पुन्हा मिळवावे लागते. कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) हे राहुरीस राहिले होते. त्यांची भजने गाणाऱ्या आपणांस हे नवीन नाही.

पाश्चात्य वाद्यवृंदातही हीच रीत आहे. तेथे ओबो नामक फुंकून वाजवावयाचे वाद्य एक स्वर देते व सर्व वादक त्याशी आपले वाद्य मिळवितात. केवळ शेजाऱ्याचे ऐकून जो तो मिळवू लागला, तर पहिल्याची लहानशी चूक शेवटच्यापर्यंत मोठी होत जाईल.

पुढे असे झाले की, आपला नाद अधिक तेजस्वी वाटावा म्हणून निरनिराळ्या शहरांतील वृंद हा स्वरच चढवू लागले. त्यामुळे गाणाऱ्यांच्या गळ्यांस ताण पडू लागला. तेव्हा १८५९ साली फ्रान्स सरकारने सेकंदास ४३५ कंपने हे माप ठरविले. १९३९ साली लंडन येथील परिषदेने ४४० ठरविले. तथापि आजही कित्येक वृंद थोडा चढाच स्वर ठेवितात. मनुष्यांनी ठरविलेले माप असे सरकते.

बंधुभगिनींनो, पौलाने ज्यांस अज्ञानी म्हटले, ते आपले माप आपल्यातच घेणारे होते. आपणही तसेच नाही काय? शेजारी दारू पितो, मी पीत नाही, एवढ्यावर आपण समाधान मानितो. बांधावरून तंटा झालेले दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत बसतात. 'आधी त्याने नमावे' असे प्रत्येक जण म्हणतो, आणि वर्षे लोटतात. एकमेकांकडे पाहून ते कधी जुळावयाचे नाहीत. दोघेही ख्रिस्ताकडे वळले, तर एकमेकांशी आपोआप जुळतील. कारण त्याचा स्वर चढत नाही व उतरतही नाही.

उपदेशक बंधूंनो, आपला गळा उंच म्हणून पेटीची पट्टी चढवू नका. म्हाताऱ्या बाया मुक्या बसतील. आचरणाचे ओझेही आपल्या मानासाठी वाढवू नका, दुर्बळ मागे राहतील.

हवा रोज बदलते, मनही बदलते. म्हणून रोज पहाटे, कामास हात घालण्यापूर्वी, प्रार्थनेत आपली तार त्या एका स्वराशी मिळवू या.