सगळ्या वाटा चालून झाल्यावर

अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान 1934 मध्ये स्थापन झाले. तिथे 800 मैलांहून अधिक लांबीच्या पायवाटा आहेत. त्या सगळ्या चालून पूर्ण करणाऱ्यांना ‘नऊशे मैलवाले’ म्हणतात, कारण काही वाटांपर्यंत पोचण्यासाठी चाललेल्याच वाटा पुन्हा तुडवाव्या लागतात. चाललेली वाट नकाशावर रंगवत जाण्याचा अनेकांचा नेम असतो.

नकाशा पूर्ण रंगला, की त्या चालण्याचा अर्थही संपतो का? अ‍ॅरिस्टॉटलने क्रियांचे दोन प्रकार मानले: घर बांधण्यासारख्या, शेवटाला पोचल्यावरच पुऱ्या होणाऱ्या, आणि पाहण्यासारख्या, प्रत्येक क्षणी पुऱ्याच असणाऱ्या. चालणे त्याने पहिल्या प्रकारात घातले. हे अर्धेच खरे आहे, कारण पायांना मुक्काम असला तरी डोळ्यांना तो नसतो. गीतेचा निष्काम कर्मयोगही कर्म टाकायला सांगत नाही, फळाची आसक्ती सोडायला सांगतो.

सगळ्या वाटा चालण्याच्या संकल्पाचे खरे मोल त्याच्या सक्तीत आहे. उद्यानाच्या कडेच्या फोंटाना धरणाचे पाणी 1944 मध्ये अडवले गेले आणि जलाशयाच्या उत्तर काठावरची वस्ती उठली. तिथल्या रानात आज चुलीची धुराडी आणि घराण्यांच्या लहान दफनभूमी उरल्या आहेत. केवळ उंच शिखरांच्या ओढीने येणारा तिकडे सहसा फिरकत नाही. सगळ्या वाटांचा नेम केलेल्याला जावेच लागते. सगळ्या वाटा संपल्यावर अनेकजण दुसरी फेरी सुरू करतात.