लोणारला गेलात, पाहिलं काय?

बसा खाली. हजेरी नंतर घेतो, आधी या जर्नलांचं बोलू.

लोणारच्या सहलीचा अहवाल मागितला होता. अर्ध्या वर्गानं एकीकडून उतरवला, अर्ध्यानं दुसरीकडून. एकांचं सरोवर बावन्न हजार वर्षांचं, दुसऱ्यांचं पाच लाख सत्तर हजार वर्षांचं. एरवी शेजारच्याच्या वहीत डोकं खुपसून बसता ना? मग दहापटीहून मोठा फरक एकालाही खटकू नये? दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच आहेत. वय मोजायच्या पद्धती वेगळ्या म्हणून उत्तरं वेगळी, आणि आर्गॉनवरून काढलेला मोठा आकडा नंतरचा. प्रश्न पडायला हवा होता, तिथं तुम्ही उताऱ्याखाली रेघ मारून मोकळे झालात.

आणि ती तक्रार! “सर, पाणी तर हिरवंच आहे.” मग काय तुमच्यासाठी रंगवून ठेवायचं होतं? २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. एरवीचा हिरवा रंगही शेवाळाचा, म्हणजे जिवंतच. पण हिरव्यावर लाइक मिळत नाहीत, नाही का?

लिटमसच्या पट्ट्या कशासाठी वाटल्या होत्या? बहुतेकांच्या कोऱ्या परत आल्या, एकीवर तर चहा सांडलाय. धारेच्या झऱ्याचं पाणी गोड आहे. तेच उतारावरून सरोवरात जातं आणि तिथं सामू दहाच्या आसपास. तांबडी पट्टी बुडवली असती तर डोळ्यांदेखत निळी झाली असती. हे पाणी खाली जाऊन असं का होतं, बाहेर जायला वाट नसलेल्या खळग्यात क्षार कसे साठत जातात, यावर चार ओळी लिहिल्या असत्या तरी मी खूश होतो. काच आणि साबण करायला लागणारे क्षार इथं मिळतात, ही नोंद अकबराच्या काळात ‘ऐन-ए-अकबरी’त झाली आहे. तुम्ही काठावरच्या पांढऱ्या पापुद्र्यावर बुटानं नावं लिहीत होतात.

कड्याच्या टोकावर पाठ करून उभं राहणाऱ्यांबद्दल वेगळं बोलेन, पालकांसमोर. वेफरच्या पिशव्या टाकणाऱ्यांनो, ते अभयारण्य आहे. २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे. तुमच्या गल्लीतला उकिरडा नव्हे.

आता जर्मनीचे फॉर्म भरणारे. हो, तुम्हीच. शिफारसपत्र माझ्याकडूनच हवंय ना? तिकडं शिकायला गेलात की कुणीतरी एक दिवसाच्या सहलीला न्यॉर्डलिंगनला नेईल. अख्खं गाव उल्केनं पाडलेल्या खड्ड्यात वसलंय, चर्चसुद्धा त्या आघातात तयार झालेल्या दगडाचं. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर तिथं दगड ओळखायला शिकायला गेले होते. तो खड्डा ज्वालामुखीचा समजत, तसाच आपलाही. लोणारला तळात छिद्रं पाडली, आघातानं काच झालेलं खनिज सापडलं, १९७३ साली ते छापून आलं आणि मग शंका फिटली. आपला खड्डा तर बेसॉल्टमधला, तसे जगात मोजकेच. चंद्राच्या काळ्या मैदानांवरही बेसॉल्टच आहे, म्हणून जगभरचे अभ्यासक बुलढाण्याची वाट धरतात. तिथं कुणी विचारलं, “तुमच्या जिल्ह्यातही एक आहे ना?” तर काय दाखवाल, रील?

काहून हसता रे मागे?

ही सगळी जर्नलं परत घेऊन जा. नवी पानं, स्वतःच्या अक्षरात. काठापासून तळापर्यंतचा उभा छेद हातानं काढायचा, धार कुठं आणि पाणी कुठं ते दाखवायचं. दोन्ही वयं लिहायची आणि कोणतं पटतं ते कारणासह सांगायचं. चूक चालेल, नक्कल चालणार नाही. ज्याला आठवत नसेल त्यानं रविवारी एसटीनं पुन्हा लोणारला जावं, तिकीट आपलं आपण काढावं.

सोमवारी अकराच्या आत टेबलावर वही नसेल, त्याच्या प्रॅक्टिकलवर माझी सही होणार नाही.