आधी वर्णन, मग निवाडा

वाइनच्या जाणकारांची टिपणं वाचताना पुष्कळजण बिचकतात. ढोबळी मिरची, लोणी, काळी मिरी, ओली माती! द्राक्षांच्या रसात हे सगळं आलं कुठून? हा नुसता शब्दांचा डामडौल तर नाही?

यातले बरेच शब्द खरे असतात. नाशिककडेही पिकणाऱ्या सॉव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण पायराझिन वर्गातलं तेच द्रव्य दोन्हींत असतं. शिराझ या द्राक्षाच्या वाइनमधला मिऱ्यांचा वास रोटंडोन या द्रव्याचा, आणि काळ्या मिरीतही तेच असतं. तोंड आक्रसतं ते टॅनिनमुळे. द्राक्षांची सालं, बिया आणि लाकडी पिंपं यांतून ते वाइनमध्ये उतरतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. त्या जाणिवेला आपण तुरटपणा म्हणतो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल या प्राध्यापिकेनं सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. आतल्या वर्तुळात 'फळांचा', 'फुलांचा', 'मसाल्याचा' असे ढोबळ गट, आणि बाहेर सरकत जावं तसे नेमके वास: फळांचा, त्यातही लिंबूवर्गीय, त्यातही लिंबाचा. शब्द कागदावरच राहू नयेत म्हणून साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा किंवा लवंग टाकून नमुना करायचा, तो हुंगायचा आणि वास लक्षात ठेवायचा. या चक्रात 'उत्तम', 'डौलदार' असे पसंतीचे शब्द मुद्दाम घेतलेले नाहीत. आवड ज्याची त्याची असते. पेल्यात काय आहे, हे मात्र दोघांना मिळून पडताळून पाहता येतं.

शब्दांचा धोकाही तेवढाच खरा आहे. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन ठेवली, आणि तीच वाइन गंधहीन रंगानं लाल करूनही ठेवली. लाल पेल्याचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचेच शब्द वापरले. २००१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ती मंडळी अडाणी नव्हती. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता आणि नाकानं त्याला होकार भरला होता.

सकाळच्या वेळी हे आठवावंसं वाटतं, कारण आपला दिवस निकालांनीच भरलेला असतो. भाजी बेचव, पुस्तक कंटाळवाणं, नवा सहकारी शिष्ट. हे निकाल काही क्षणांत लागतात, आणि पुढे जे दिसतं ते त्यांच्याच रंगात दिसतं. भाजीत मीठ कमी आहे की ती जास्त शिजली आहे? पुस्तक कुठल्या पानापासून रेंगाळलं? तो माणूस शिष्ट आहे, की नव्या जागी गप्प आहे? असं विचारायला लागलो की 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' यांच्या मधली मोठी जागा दिसू लागते. तिथे सुधारणेला वाव असतो, आणि न्यायालाही.

वाइन चाखणं न चाखणं ज्याच्या त्याच्या मनावर. ती चाखणाऱ्यांची ही शिस्त मात्र सगळ्यांनी उचलावी. आज एखाद्या गोष्टीला किंवा माणसाला चांगलं-वाईट म्हणण्याआधी, तिथे नेमकं काय आहे ते एका वाक्यात सांगून पाहा. ते सांगता आलं नाही, तर निवाडा उद्यावर ठेवा.