आधी ओल जाऊ द्या



कुम्हारीत खारूनच्या काठी राहणाऱ्या आपल्याला समुद्रातल्या होडीचे काय, असे वाटेल. तरी थोडा वेळ माझ्याबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर चला. तिथे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि जुन्या फायबरच्या होडीची खरी तब्येत तेव्हाच कळते.

वरून रंग चकचकीत असतो. कारागीर मात्र रंगाकडे पाहत नाही. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसा तो हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत जातो. आवाज टणक आला की पुढे सरकतो, भदभद आला की खडूने खूण करतो. भेग दिसते बोटभर, खुणा पसरतात हातभर. कारण पाणी आतल्या काचतंतूंच्या थरांत मुरलेले असते.

मग तो भेग बुजवत नाही, उलट मोठी करतो! मालकाचा जीव खालीवर होतो. पण खराब भाग चांगल्या थरापर्यंत घासून काढावाच लागतो. कडेला उतारही द्यावा लागतो, एक सेंटीमीटर जाडीला सुमारे बारा सेंटीमीटर. नव्या थराला जुन्याला धरून राहायला तेवढी जागा हवी.

आणि मग तो थांबतो. छपराखाली, ओल पूर्ण जाईपर्यंत. रेझीन आणि काचतंतूंची चटई त्यानंतर. ओल्या जागेवर लावलेले ठिगळ बाहेरून घट्ट दिसते आणि भर समुद्रात सुटते. तेव्हा होडीत माणसे असतात.

आपण नाती कशी सांधतो? "झाले गेले विसरून जा" म्हणतो आणि वरून रंग देतो. आम्हा कॉमर्सवाल्यांकडे हिशेब जुळला नाही की फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकतात. घरोघरी अशी उचंत खाती वर्षानुवर्षे चालू आहेत.

माझेही आहे. गेल्या भाऊबीजेला मी दादाला ओवाळले. दोघेही हसलो. घराच्या वाटणीवरून झालेले बोलणे कोणीच काढले नाही. ध्यानाला बसले की तिथेच भदभद आवाज येतो.

या रविवारी सत्संगानंतर मी त्याच्याकडे जाणार आहे. पेढे नेणार नाही, माफीची घाईही करणार नाही. "त्या दिवशी तुला काय लागले?" एवढे विचारून तो बोलेल तितका वेळ ऐकत बसणार आहे. तुम्ही कोणाकडे जाल?