शंभरातले तीन

हार्ट अटॅकनंतर रुग्ण हॉस्पिटलमध्येच दगावण्याचा धोका किती, हे ‘ग्रेस स्कोअर’ आठ गोष्टींवरून सांगतो: रक्तदाब, नाडी, क्रिएटिनिन, ईसीजी वगैरे. वयाचे गुण तिशीत ८, सत्तरीत थेट ७५! ‘एनस्टेमी’ प्रकारात बेरीज १४०च्या पुढे गेली, की धोका तीन टक्क्यांच्या वर.

पण टक्केवारी गर्दीची असते. खाटेवरचा माणूस तीन टक्के मरत नाही. मरतो, नाहीतर घरी जातो. तरीही तो शुद्धीत असेल, ऐकायची तयारी असेल, तर आकडा आधी त्याला सांगावा, असं मला वाटतं. आपल्याकडे तो थोरल्या मुलाला पॅसेजमध्ये सांगतात आणि आत येऊन म्हणतात, ‘काही नाही हो काका, गॅस होता.’ कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाशी बोलायचं राहिलंय, हे काकांनाच ठाऊक. मुलगा बाहेर गूगल करतोय.